एका जोडीतल्या दोन पाटल्या

अगं, काल रात्री तुझा फोन ठेवला आणि झोपच येईना. शेवटी उठले, कपाटातून आजीची पाटली काढली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवून तिच्याकडे बघत बसले. हे पाणी प्यायला उठले, म्हणाले, "मोडायला काढलीस की काय?" म्हटलं, "नाही हो, धाकटीला उत्तर द्यायचंय."

तुझं गाऱ्हाणं काय, तर एफडीचे सहा लाख सुटलेत. भाव रोज चढतोय. आत्ता घेतलं नाही तर पुन्हा कधी परवडणार नाही, आणि घेतलं नि पडलं तर? सासूबाई म्हणतात, छोटीच्या लग्नाच्या बांगड्या आत्ताच करून टाक. नवरा म्हणतो, सोनं कपाटात पडून राहणार, त्यापेक्षा शेअर घे. आणि या दोघांच्या मध्ये उभी राहून तू मला विचारतेस, "ताई, सोनं आपली किंमत राखेल ना गं?"

राखेल. पण ते सोनं तुझ्या हातात राखलं जाईल का, ही गोष्ट वेगळी, आणि ती आपल्या घरात घडून गेलेली आहे. तुला अर्धीच माहीत आहे.

आजीची पाटल्यांची जोडी चार तोळ्यांची. जुना तोळा बरं का, आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. आत्ताच्या मापानं ११.६६ ग्रॅम. हल्ली दुकानात दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, त्यामुळे म्हाताऱ्या बायकांच्या तोंडचं वजन आणि काट्यावरचं वजन जुळत नाही, आणि मग उगीच सोनाराच्या नावानं बोटं मोडली जातात. आजीनं जाताना एक पाटली माझ्या आईला दिली, एक तुझ्या आईला. म्हणजे दोघींना तेवीस-तेवीस ग्रॅम. एकाच सोनारानं, एकाच मुशीतून काढलेलं सोनं.

माझ्या आईनं तिची पाटली तशीच ठेवली. हौस नव्हती असं नाही, धाडस नव्हतं. मावशीला, म्हणजे तुझ्या आईला, मात्र फॅशनची हौस. तिनं आधी पाटली मोडून दोन बांगड्या केल्या. सोनारानं घट धरली, मजुरी सोन्यातूनच वळती केली, बांगड्या भरल्या साडेवीस ग्रॅम. पुढे तुझ्या मुंजवयात, म्हणजे तू नऊ-दहा वर्षांची असताना, बांगड्या मोडून तो नाजूक सेट केला, खड्यांचा. आठवतो ना, झुमक्यांसकट? तो खडे वगळून साडेसतराच्या आसपास. आणि हॉलमार्क नव्हता तो काळ. बावीस कॅरेट म्हणून दिलेलं यंत्रावर ठेवलं की वीस-एकवीसच निघायचं. मावशीनं तो सेट मध्यंतरी एका सराफाला दाखवला तेव्हा त्यानं काय आकडा सांगितला हे ती आजतागायत कुणाला बोललेली नाही.

माझी पाटली परवा काट्यावर ठेवली. बावीस ग्रॅम आठशे मिली. सत्तर-पंच्याहत्तर वर्षांत मनगटावर झिजली ती एवढीच.

म्हणजे बघ, बाजारात भाव दोघींना एकच. सोन्यानं दोघींशी सारखाच व्यवहार केला. मधला जो पाच-सहा ग्रॅमचा फरक आहे तो मावशीच्या दोन खेपांचा.

एकदा मी सोनं गाळताना समोर उभं राहून बघितलंय. आपल्याकडची, खानापूर-आटपाडी-विट्याकडची माणसं या गलाईच्या धंद्यात देशभर पसरलीत. कुठल्याही शहराच्या सराफ बाजारात मागच्या बोळात एक तरी सांगलीकडचा गलाईवाला सापडतोच. तसाच एक होता. दागिना चिमट्यानं मुशीत टाकला, वर टाकणखाराची चिमूट. आधी काळा धूर आला, करपल्यासारखा वास, ती आतली लाख जळत होती. मग फुलांच्या पाकळ्या, जाळी, कडी, जिच्यासाठी मी तासभर घासाघीस केली होती ती सगळी नक्षी, एकेक करून खाली बसली. शेवटी मुशीच्या तळाशी एक थेंब हलत राहिला, लाल-पिवळा. दोन मिनिटांत गार. त्यानं तो काट्यावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता आकडा सांगितला. मजुरी म्हणून मी मोजलेले पैसे त्या थेंबात कुठेच नव्हते.

तो माझाच हार होता, आणि ही गोष्ट मी तुला सांगितलेली नाही.

२०१२च्या दिवाळीत सगळीकडे हेच वातावरण होतं, आत्ता आहे तेच. दहा ग्रॅमला एकतीस हजार. पेपरात रोज बातमी, भिशीत दुसरा विषय नाही. "आता खाली येत नाही गं," हे वाक्य मी त्या महिन्यात किमान पन्नासदा ऐकलं असेल आणि दहादा स्वतः म्हटलं असेल. वीस ग्रॅमचा हार घेतला. सोन्याचे सत्तावन्न हजार, वर चौदा टक्के मजुरी, कर, असे पासष्ट हजारांच्या घरात. लक्ष्मीपूजनाला हार पाटावर ठेवला तेव्हा वाटलं, झालं, आता काळजी नाही.

२०१५च्या जुलैत ह्यांची कंपनी बंद पडली. चार महिने पगार नाही, आणि त्याच महिन्यात मुलीची इंजिनिअरिंगची ॲडमिशन. भाव तेव्हा पंचवीस हजारांवर घसरलेला. ज्या सराफाकडून घेतला होता त्याच्याचकडे गेले. तो म्हणाला, बदली दागिना घ्या, पूर्ण भाव देतो, रोख हवी असेल तर तीन टक्के कापू. मला रोखच हवी होती. चव्वेचाळीस हजार हातावर आले. पासष्टचे चव्वेचाळीस, तीन वर्षांत, तेही सोन्यात, ज्यात म्हणे पैसा बुडत नाही.

आणि आता मीठ चोळून घे जखमेवर. तो हार मी नुसता ठेवला असता, तर २०२५च्या एप्रिलपर्यंतच त्याचे पावणेदोन लाखांच्या वर झाले असते. म्हणजे सोनं चुकलं नव्हतं. २०१२ला घेणारी आणि २०१५ला विकायला लागणारी मी होते. गरज भावाला विचारून येत नाही. म्हणून तुला पहिली गोष्ट विचारते, हे सहा लाख सोडून तुमच्या दोघांच्या सहा महिन्यांच्या घरखर्चाची सोय आहे का बाजूला? नसेल तर आपलं हे बोलणं इथेच थांबव. आधी ती कर.

तू म्हणशील, तीन वर्षं म्हणजे काही काळ नाही, लांबचं बोल. बोलते. मला कुणी तरी हे आधी सांगायला हवं होतं. १९८०ला दहा ग्रॅमचा भाव साधारण तेराशे तीस रुपये होता. २०००ला चव्वेचाळीसशे. वीस वर्षांत सव्वातीन पट. ऐकायला बरं वाटतं ना? पण त्याच वीस वर्षांत महागाई पाचपटीच्या वर गेली. बँकेतली साधी एफडीसुद्धा, त्या वेळचं व्याज धरलं तर, सोन्याच्या पुढे निघून गेली. म्हणजे १९८०ला लग्न झालेल्या बाईनं मुलीसाठी सोनं घेतलं आणि २०००ला ते काढलं, तर तिला कमी बाजरी, कमी साड्या, कमी दिवसांचं दवाखान्याचं बिल मिळालं. एक अख्खी पिढी सोन्यात मागे पडली, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण आकडा तर वाढलेलाच दिसत होता.

परदेशात तर आणखी वाईट. १९८०च्या जानेवारीत औंसाला साडेआठशे डॉलर झाले, आणि तो भाव पुन्हा बघायला २००८ उजाडलं. अठ्ठावीस वर्षं. १९९९ला अडीचशेच्या आसपास होता. ब्रिटनच्या सरकारनं तेव्हाच, १९९९ ते २००२च्या दरम्यान, आपलं सुमारे ३९५ टन सोनं काढून टाकलं, सरासरी पावणेतीनशे डॉलरनं. तिथली हुशार माणसं, पदव्या घेतलेली, आणि विकलं ते तळाला. म्हणून मला माझ्या हाराचं फार वाईट वाटून घ्यायचं नाही असं मी ठरवलंय.

आपल्याकडे ती पडझड तितकी जाणवली नाही याचं कारण सोनं नव्हे, रुपया. सोनं आपण बाहेरून आणतो, डॉलर मोजून. डॉलर १९८०ला आठ रुपयांच्या आसपास होता, २०००ला चव्वेचाळीसच्या. सोनं तिकडे घसरत होतं, रुपया इकडे त्याहून जोरात घसरत होता, म्हणून आपल्याला वाटलं सोनं वाढतंय. वर सरकारचा आयात कर. जुलै २०२४च्या अर्थसंकल्पात तो पंधरा टक्क्यांवरून सहावर आणला आणि एका दिवसात दहा ग्रॅममागे चारएक हजार उतरले. आदल्या दिवशी घेतलेल्या बायकांचं काय झालं असेल सांग. आमच्या सोसायटीत एक आहे, तिच्यासमोर अजून तो विषय काढायचा नाही.

मग २०००नंतर काय झालं? चव्वेचाळीसशेचे २०२५च्या एप्रिलमध्ये एक लाख झाले, आणि तिथेही थांबले नाहीत. महागाई या पंचवीस वर्षांत चार-साडेचार पट, सोनं बावीस पटींच्या वर. मागची उधारी व्याजासकट फेडली म्हण. तू आणि तुझ्या मैत्रिणी या काळात वाढलात, म्हणून तुम्हाला सोन्याचा हाच स्वभाव वाटतो. माझ्या आईच्या वयाच्या बायकांना विचार, त्यांना दुसरा स्वभाव ठाऊक आहे.

"पण हे एवढं वाढतंय कशानं?" हेही तू विचारलंस. एक कारण तर सरळ आहे. २०२२ला युद्ध सुरू झाल्यावर रशियाचा परदेशात ठेवलेला डॉलर-युरोचा साठा गोठवला गेला. तेव्हा बाकीच्या देशांच्या लक्षात आलं की दुसऱ्याच्या वहीत लिहिलेला पैसा हा दुसऱ्याच्या मर्जीवर असतो. तेव्हापासून २०२२, २०२३, २०२४, तिन्ही वर्षं जगातल्या मध्यवर्ती बँकांनी दरवर्षी हजार टनांच्या वर सोनं घेतलंय. आपल्या रिझर्व्ह बँकेकडेही ८७० टनांच्या वर आहे, आणि २०२४ला तिनं इंग्लंडमध्ये ठेवलेलं शंभर टन परत मायदेशी आणलं.

ते वाचलं तेव्हा मला आजीच आठवली. ७२चा दुष्काळ. माणदेशात विहिरी कोरड्या ठणठणीत, जनावरं छावणीत. आजीनं याच पाटल्या सावकाराकडे ठेवल्या, चारशे रुपयांवर, महिना शेकडा तीन रुपये व्याजानं. आणि स्वतः दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. आई सांगायची, पाटल्या काढल्यावर आजीच्या मनगटावर दोन गोऱ्या रेघा उमटल्या होत्या, उन्हात काम करून हात काळे पडले तरी त्या रेघा कितीतरी दिवस दिसायच्या. तीन वर्षांनी पाटल्या सुटल्या. चारशेचे आठशे बत्तीस भरून. लोक म्हणतात, आजीचं सोनं उपयोगी आलं. आलंच. जमीन विकावी लागली नाही. पण त्या पाटल्यांची निम्मी किंमत व्याजापायी तिनं दुसऱ्यांदा मोजली, हेही खरं आहे.

आणि देशानं १९९१ला काय केलं? परकीय चलन संपत आलं तेव्हा ४७ टन सोनं विमानानं बाहेर पाठवून त्याच्यावर पैसे उचलले. आजीनं गावच्या सावकाराकडे ठेवलं, देशानं परदेशी बँकांकडे. सोन्याचा खरा उपयोग मला तिथे दिसतो. बाकी सगळ्यांनी हात वर केले की एक वस्तू अशी असते जिच्याकडे बघून समोरचा पैसे द्यायला तयार होतो, तुझी पगाराची स्लिप न मागता. ती कुणाची सही नाही, कुणाचं वचन नाही. गंजत नाही, कुजत नाही. आजवर माणसानं खणून काढलेलं सगळं मिळून दोन लाख टनांच्या थोडं वर, आणि दरवर्षी त्यात भर पडते ती दीड-पावणेदोन टक्क्यांची. हिऱ्याचं बघ ना. प्रयोगशाळेतले हिरे आले आणि तुझ्या साखरपुड्याच्या अंगठीला आता कुणी विचारत नाही. सोनं असं कारखान्यात परवडेल अशा खर्चात करता येत नाही. म्हणून पन्नास-शंभर वर्षांची पैज लावायची असेल तर मी सोन्यावर लावीन.

पण ते वाढत नाही, हे लक्षात ठेव. एक तोळा डब्यात ठेव आणि वीस वर्षांनी उघड, एकच तोळा निघेल. गाय विते, शेत पिकतं, कंपनी नफा करते, तुझ्या नवऱ्याचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर आहे. त्याला माझ्या नावानं सांग हवं तर. मात्र सगळे पैसे शेअरमध्ये घालायचं म्हणत असेल तर त्याला माझ्याकडे पाठव.

आता छोटीच्या बांगड्या. सहा वर्षांची पोर. वीस वर्षांनी तिला या बांगड्या आवडतील असं तुला वाटतं? तुला मावशीच्या बिलवर आवडले होते का? मोडायलाच घेणार ना ती? मग आत्ताची मजुरी दहा-पंधरा टक्के, मोडताना घट, पुन्हा नवी मजुरी. सासूबाईंना दुखवायचं नसेल तर दसऱ्याला, पाडव्याला, नाहीतर गुरुपुष्याला एक वेढणं घे. चोख सोन्याचं, साधं. मजुरी नाममात्र. सोनं घेतल्याचं त्यांना समाधान, पोरीच्या नावानं डबीत जमत जाईल, आणि एकाच दिवसाच्या भावावर सहा लाख लावल्याची धाकधूक नाही. लग्नाच्या वर्षी तिला जे हवं ते ती करून घेईल. घालायला हौस म्हणून एखादा दागिना घ्यायचा तर घे, जरूर घे, पण ती साडीसारखी हौस समज, त्याला गुंतवणूक म्हणू नकोस. मी माझी ठुशी अशीच घेतली आणि तिचा भाव कधीच बघत नाही.

सरकारी सुवर्णरोखे होते तेव्हा ते सगळ्यात बरे होते. पहिले नोव्हेंबर २०१५ला निघाले, ग्रॅमला २६८४ रुपयांनी, आणि आठ वर्षांनी ६१३२नं पैसे परत मिळाले, शिवाय दरवर्षी व्याज. २०१५चा नोव्हेंबर, बघ, माझा हार मोडून चार महिने झाले होते. तेव्हा कुणी सांगितलंच नाही, आणि सांगितलं असतं तरी हातात पैसे कुठे होते. फेब्रुवारी २०२४नंतर नवे रोखे निघालेले नाहीत. जुने शेअर बाजारात विकायला येतात, पण भाव बघून घ्यावे लागतात. आता राहिलं गोल्ड ईटीएफ, डीमॅट असेल तर घरबसल्या. ते मोबाइलवर शंभर रुपयांचं डिजिटल सोनं मात्र नको, सेबीनं नोव्हेंबर २०२५मध्ये स्वतःच सांगितलंय की ते आमच्या देखरेखीत येत नाही. पुढे तक्रार घेऊन जायचं कुठे?

दुकानातून घेशील तेव्हा हॉलमार्कचा सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी भिंगातून स्वतः बघ, बीआयएस केअर ॲपवर तिथल्या तिथे टाक. सराफ हसला तर हसू दे. पावतीवर खडे, लाख वगळून निव्वळ वजन वेगळं लिहून घे. आणि पावती तुझ्या नावावर कर. नवऱ्याच्या नको, सासऱ्यांच्या तर नकोच. यात भांडणाचं काही नाही, तुझं ते तुझं असावं.

लॉकरचंही सांगते, कारण तू म्हणालीस "बँकेत आहे ना, मग काय." आग लागली, चोरी झाली तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पट, रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख. आजच्या भावात त्यात किती तोळे बसतात ते मोज. निदान सगळ्या दागिन्यांचे फोटो आणि वजनं एका वहीत लिहून ठेव, विमाही विचार.

सहा लाखांतले किती, असं म्हणशील तर मी ऐंशी-नव्वद हजार सोन्यात घालीन, तेही एका दमात नाही, वर्ष-दीड वर्षात. तू लाखभर घाल फार तर. उद्या भाव दुप्पट झाला तर मला शिव्या घालशील, अर्धा झाला तर दुवा देशील, दोन्ही ऐकायची तयारी आहे माझी. पुढच्या दिवाळीला काय भाव असेल हे मला विचारू नकोस, जो सांगतो त्याच्या घरी किती सोनं आहे ते आधी बघून ये.

शनिवारी येतेयस ना? मावशीला म्हणावं तो सेट घेऊन ये, मी पाटली काढून ठेवलीच आहे. कोपऱ्यावरच्या सराफाकडे तपासायचं यंत्र आहे, दोन्ही ठेवून बघू. मावशी नाही म्हणेल. तिला सांग, ताई काही बोलणार नाही, फक्त आकडा वहीत लिहून घेणार आहे. आणि जुनी पावती सापडते का बघ, ती पावत्या बोर्नव्हिटाच्या रिकाम्या डब्यात ठेवते, देवघराच्या खालच्या फळीवर.